भिंतीतलं बिऱ्हाड

१४ एप्रिल

एसी बसला नाही!

मेकॅनिक सकाळी शिडी, ड्रिल, तांब्याची नळी असं सगळं लटांबर घेऊन आला. मशीन लेकीनं मागच्याच आठवड्यात पाठवलंय – आजीसाठी. सासूबाईंच्या खोलीत खोक्यात पडून आहे. त्या खोलीत आधी एक जुनं मशीन होतं, ह्यांच्या शेवटच्या आजारपणात लावलेलं. ते भंगारात गेलं, पण वायर आहे आणि नळीसाठी पाडलेलं भिंतीतलं भोकही आहे. म्हणजे काम अर्ध्या तासाचं. मेकॅनिक परसातून शिडी लावून वर चढला, भोकात बॅटरी मारली आणि तसाच खाली उतरला.

"ताई, इथे बिऱ्हाड आहे."

चिमणीचं. गवत, पिसं, आणि माझ्या शिवणातली निळी कात्रणं! वर तीन अंडी. मी म्हटलं, दुसरं भोक पाडा शेजारी. म्हणाला, "पाडतो की. पण बाहेरचा डबा बरोबर घरट्याखाली येणार. त्याची गरम वाफ सरळ वर. अंडी उकडून निघतील." मग स्वतःच म्हणाला, "थोडे आठवडे थांबा. पिल्लं उडाली की फोन करा."

मी तोंड उघडणार तोच मागून सासूबाई – "थांबू या. इथे कोण एसीत जन्मलंय?"

झालं. निकाल लागला. या घरात निकाल त्याच लावतात. मी फक्त चहा करते.

१५ एप्रिल

लेकीचा फोन. तडकलीच. "एका चिमणीपायी आजीला भाजून काढणार आहेस का? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे ती!" जसं काही अंडी मीच घातली.

सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागितला. "अगं, दार लावून गार ठेवायला मी काय दुधाची पिशवी आहे?"

लेक हसली. आजीवरचा राग गेला. माझ्यावरचा तसाच.

१८ एप्रिल

भयंकर उकाडा. नळाचं पाणी सकाळी आठलाच कोमट. सासूबाईंची खोली पश्चिमेची, दुपारी तिची भट्टी होते. माझी वरची, पत्र्याखाली – तिथे तर पापड भाजावा. सबंध घरात एकच खोली माणसात आहे, ती म्हणजे मागची, माझी शिवणाची. खिडकी परसात उघडते, बाहेर झाड, पलीकडे काटकोनात सासूबाईंच्या खोलीची ती भोकाची भिंत, ऊन आत येत नाही.

म्हणजे आता दोघी तिथेच. त्यांची खाट खिडकीशी, माझं मशीन भिंतीशी, मध्ये गणवेशांचा ढीग. शाळा उघडायच्या आत सगळे द्यायचेत.

लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. भांडण म्हणावं असं मोठं कधी झालं नाही. त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या कामात. ह्यांच्या मागे तर तेही राहिलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर भेटायचो, मीठ इकडून तिकडे सरकवायचो. शिवणाला त्या "घरातलं दुकान" म्हणतात. आता दुकानातच मुक्काम! बघू किती दिवस निभतं.

२१ एप्रिल

पहिल्या दिवशी पंख्यावरून वाजलं. काल रेडिओवरून. आज अजून काही नाही, पण आत्ता कुठे अकरा वाजलेत.

२३ एप्रिल

उकाड्याशी लढाईचे आमचे बेत ठरले. इस्त्री पहाटेच, उजाडायच्या आत. मग दिवसभर तिच्या वाटेला जायचं नाही. अर्ध्या खिडकीला ओली चादर. सुकली की परत भिजवायची. पंख्यासमोर ताटलीत बर्फाची बाटली. आणि दोघींचे पाय आपापल्या टबात. मशीनच्या पायट्यावर एक पाय, टबात दुसरा – असं शिवलेले गणवेश कुठल्या पोरांच्या नशिबी आहेत देव जाणे. शिलाई मात्र सरळ आहे. तपासली.

परसातल्या नळाखाली मातीचं परळ भरून ठेवलंय. मधमाश्या बुडत होत्या म्हणून त्यात खडे घातले. त्या खड्यांवर बसून पितात, अगदी रांगेनं. कावळा मात्र आडमुठा. कुठून तरी पावाचा वाळका तुकडा आणतो, परळात भिजत घालतो, खातो आणि घाण करून जातो. नळाच्या ओलीत एक बेडूक राहतो. तो दिवसभर नुसता बसतो, हलत नाही, डोळे अर्धे मिटलेले. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलंय – रावसाहेब.

आणि खार! दुपारी मागच्या पायरीवर पालथी पडते. चारी पाय चार दिशांना, पोट गार फरशीला चिकटवून. मेली की काय म्हणून मी घाबरून उठले तर सासूबाई म्हणाल्या, "बस खाली. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं." थोड्या वेळानं बघते तर या खाटेवरून उतरून फरशीवर आडव्या! पोटावर नाही, पाठीवर. मग मीही मशीन सोडून पडले. वर पंखा, खाली फरशी. दोघी छताकडे बघत.

"जाळी काढायला झालीत गं," एवढंच बोलल्या. पण वाईट नव्हती ती दुपार.

२७ एप्रिल

अंडी फुटली! चिमण्यांची ये-जा एकदम वाढली. चोचीत अळी घेऊन आत, रिकाम्या चोचीनं बाहेर.

मला इथून फक्त भिंत दिसते आणि काळा ठिपका. लांबचं मला धूसरच. चष्मा सुईपुरता. सासूबाईंचा मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर मात्र घारीची झालीय. खाटेवर बसून भिंतीतलं भोक, त्यातल्या चोची, चोचीतली अळी – सगळं सांगतात. त्यामुळे पहाऱ्याचं काम त्यांच्याकडे. मी भोकाकडे पाठ करून शिवायचं, त्यांनी बातम्या द्यायच्या.

"मधलं हावरट आहे. डोक्यावर पाय देऊन पुढे येतं."

"आणि कडेचं?"

"कडेचं तुझ्यासारखं. मागे राहून तोंड वाकडं करतं."

ऐकून घेतलं. हसूही आलं, पण दाखवलं नाही.

३० एप्रिल

आज नवल झालं. मी जेवण करून आले तर सासूबाईंच्या मांडीवर गणवेश आणि हातात सुई. न विचारता बटणं लावायला बसल्या! म्हणे, "नुसतं बसून हात आखडतात." मी म्हटलं, दुकानात नोकरी धरलीत का? तर म्हणाल्या, "पगार ठरव आधी."

बटणं घट्ट लावतात. शर्ट फाटेल पण बटण निघणार नाही. डोळे मात्र भोकाकडे. त्यामुळे संध्याकाळी उठायला गेल्या तर गणवेशही बरोबर उठला – तीन बटणं मांडीवरच्या ओल्या चादरीसकट शिवलेली! मी उसवत बसले आणि त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मी त्यांना अशा हसताना शेवटचं कधी पाहिलं आठवत नाही. ह्यांच्या आजाराआधी असेल.

४ मे

उन्हाचा कहर. शेजारच्या मास्तरांचा बोका भिंतीवरून भोकाचा अंदाज घेत होता. सासूबाईंनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून नेमकं त्याच्या कुल्ल्यावर मारलं! बोका पळाला. अंगुस्तान परळात. मास्तर कुंपणावरून म्हणाले, "काय झालं हो?" या म्हणाल्या, "काही नाही, दुकानातला माल पडला."

दुकान म्हणाल्या, पण आज त्यात टोमणा नव्हता.

९ मे

पिल्लं उडाली! सकाळी नळावर दोन बसलेली मीसुद्धा पाहिली. गुबगुबीत, शेपट्या आखूड, चोचींच्या कडा पिवळ्या. आई त्यांच्या तोंडात भरवतेय आणि ती अंग फुगवून थरथरतायत. रावसाहेबांनी एक डोळा उघडला, बघितलं, मिटला.

मी हात पुसून मेकॅनिकला फोन लावायला निघाले.

"थांब. एक राहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"आत. कडेचं. अशक्त आहे, त्याला वेळ लागेल."

ठेवला फोन. इतके दिवस थांबलो, आणखी दोन-चार.

१३ मे

दुपारी वीज गेली. पंखा बंद, बर्फ संपलेला. मी कापड कापत होते. मागून काही बातमी येईना म्हणून वळून पाहिलं तर सासूबाई एका अंगावर कलंडलेल्या. चेहरा लाल, अंग तापलेलं. हाक मारली तर म्हणतात, "दार उघड, तो आत आहे." काय बोलत होत्या कुणास ठाऊक. मी मास्तरांना ओरडून हाक मारली, त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. तोवर मी बादलीच ओतली – अंगावर, खाटेवर, गणवेशांवर, कशाचं भान नव्हतं. ओल्या पंचानं वारा घालत राहिले.

डॉक्टरीणबाई आल्या तोपर्यंत सासूबाई शुद्धीवर आल्या होत्या. सलाइन लावलं. मला बाजूला घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात हे परत झालं तर भारी पडेल. घरात एसी आहे म्हणता ना? मग लावत का नाही?"

काय सांगू? चिमणी?

१४ मे

लेकीला सांगावंच लागलं. ती रडली आणि मग अशी बोलली की लिहवत नाही. "तुला आजी कधी आवडलीच नाही" – एवढंच लिहिते. ते जास्त लागलं.

महिन्यापूर्वी म्हणाली असती तर मी गप्प बसले असते. कारण खरं होतं. आज खरं नाही आणि ते तिला पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही.

फोन ठेवून सासूबाईंकडे गेले. म्हटलं, उद्या मेकॅनिकला बोलावते, आता पुरे. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बोलाव. पण त्या एकाचं काय करायचं ते तूच सांग."

नाही बोलावलं. मी कसली सून आहे, एका पिल्लासाठी म्हातारीचा जीव टांगणीला लावते? पण त्यांनी ते असं म्हटलं ना, की फोनकडे हातच गेला नाही.

दोन बादल्या भरून खाटेजवळ ठेवल्यात. बर्फ आता मास्तरांच्याही फ्रीजमध्ये.

१९ मे

सासूबाईंना बरं आहे. निदान कालच्यापेक्षा.

गणवेश संपत आले. सासूबाई काजांपर्यंत पोचल्या! पिल्लाच्या बातम्या रोज – आज पंख झटकले, आज कडेपर्यंत आलं, परत आत गेलं. मी म्हटलं, फारच नखरेल दिसतं. म्हणाल्या, "नखरा नाही गं. बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, हे त्याला कळतं."

मग आपणहोऊन ह्यांचा विषय काढला. कधी काढत नाहीत. "त्याच्या आजारात ते मशीन चालू असायचं ना, तेव्हा दार सतत लावलेलं. गार हवा जाते म्हणून. मी बाहेर खुर्ची टाकून बसायचे. आत जायचं तर टकटक करून. स्वतःच्या पोराकडे, टकटक करून."

दार मीच लावायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चूक नव्हती. पण त्या बाहेर बसलेल्या असायच्या हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी उठले. त्यांच्या टबातलं पाणी बदललं.

२१ मे

खारीला पिल्लं झालीत बहुतेक. झाडावर कापूस नेतेय – माझ्या उशीतला. नेऊ दे.

२४ मे

आता मात्र ठरलं. कालपासून झाडाखालीही झळा. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या, रक्तदाब बघून मान हलवली. सासूबाईंना दुपारी दोनदा चक्कर आली आणि त्यांनी लपवली. मला कळलं, कारण बटण उलटं लागलं होतं.

मास्तरांशी बोलले. ते म्हणाले, घरटं अख्खंच्या अख्खं उचलून बुटाच्या खोक्यात ठेवा, खोकं जवळच टांगा, आईबाप शोधत येतात. खोकं मिळालं. परवा मेकॅनिक येतोय. उद्या मी स्वतः शिडी लावून पिल्लू हलवणार.

सासूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "पडशील," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चोच मारेल." मग – "आजच बघितलं मी, तोंड उघडून बसलं होतं. अजून लहान आहे गं."

मी म्हटलं, आई, मला तुम्ही हव्यात. पिल्लू नंतर.

हे मी मोठ्यानं म्हटलं! लिहिताना विचित्र वाटतंय.

२५ मे

सकाळी मास्तरांनी शिडी धरली, मी चढले. हातात खोकं, डोळ्यांवर जवळचा चष्मा.

भोकाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. नवं नाही – धूळ बसून करडं झालेलं, मध्ये वाळकी माशी. ते अख्खं होतं, कुठे एक धागा तुटलेला नव्हता. बोटानं बाजूला केलं. आत गवत, माझी निळी कात्रणं, थोडी पिसं. कोरडं ठणठणीत. कुणी नाही. कितीतरी दिवसांपासून कुणी नाही.

"आहे का?" मास्तरांनी खालून विचारलं. मी म्हटलं, झोपलंय. का म्हटलं माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

मग पायरीवर बसले आणि असा संताप आला! मला वेड्यात काढलं! पोटच्या पोरीशी मी भांडले. डॉक्टरीणबाईंसमोर खाली मान घातली. त्या दुपारी यांच्या तोंडावर पाणी ओतताना माझं काळीज फुटायची वेळ आली होती – आणि या रोज खाटेवर बसून पंख झटकल्याच्या गोष्टी रचत होत्या! तोंड उघडून बसलंय म्हणे! मरायला निघाल्या होत्या की काय? सरळ आत जाऊन विचारायचं ठरवलं. दारापर्यंत गेले.

त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. सुई हातात, दोरा ओवलेला, पण शिवत नव्हत्या. केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं, पायांत चपला. उशाशी त्यांची औषधं, चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या – सगळं एका पिशवीत भरून ठेवलेलं. आपल्या खोलीत परत जायला तयार होऊन बसल्या होत्या.

तेव्हा लख्ख कळलं. मशीन बसलं की दार लागणार. गार हवा जाऊ नये म्हणून. आत त्या एकट्या, बाहेर मी एकटी, आणि जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली. मरणाची भीती नव्हती त्यांना. त्या दाराची होती.

आणि मला? मलाही ते दार नकोय. शिवताना पाठीमागून कुणी बोललं नाही तर माझं काम व्हायचं नाही आता. हे त्यांना मी सांगितलं असतं, तर कदाचित त्यांना काही रचावंच लागलं नसतं. पण आम्ही दोघी सारख्याच. जीभ फक्त टोमण्यांना चालते.

"दिसलं?" त्यांनी विचारलं. वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "चष्मा जवळचा होता. नीट नाही दिसलं."

पिशवी मी उचलली आणि तिथल्याच खिळ्याला अडकवून ठेवली.

२६ मे

मेकॅनिक आला. शिडी सासूबाईंच्या खोलीकडे न्यायला लागला. "ताई, उडाली ना सगळी?"

सासूबाईंचा हात थांबला. त्या भोकाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "एक आहे अजून. तिकडे हात लावू नका. नवी वायर ओढा, नवं भोक पाडा. मशीन इथे बसवा – आमच्या खोलीत."